आजोबांच्या कोठारातली गिटार

ओरिईच्या केशकर्तनालयात तीन खुर्च्या होत्या. दोन गिऱ्हाइकांच्या आणि खिडकीजवळची तिसरी फुरिहाता तोकिएची. तोकिए केस कापून घ्यायला वर्षातून चारदा यायची, पण त्या खुर्चीत रोज सकाळी दहाला येऊन बसायची. येताना घरी घातलेल्या लोणच्याचा डबा आणायची, चहा ओरिईचा प्यायची, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत लोकांच्या फोनमधल्या गिटारी खोट्या ठरवायची.

हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी ती मात्सुमोतोबाहेरच्या गिटारींच्या कारखान्यात लागली आणि एकतीस वर्षं दांड्या घासत राहिली. समोर लाकडाची दांडी यायची, गिटारीची मान, जिच्यावर तारा ताणतात ती. तोकिए ती पॉलिश पेपरने घासायची, तळवा फिरवायची, पुन्हा घासायची. तळव्याची कुरकुर थांबली की पुढे सरकवायची. एवढ्या वर्षांत दांड्या गुळगुळीत झाल्या आणि तिचे अंगठेही. आता बहात्तराव्या वर्षी तिच्या फोनला तिचा अंगठा ओळखू येत नसे. ती दाबायची, फोन म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा.

"तीस हजार गिटारी मला ओळखतील," ती फोनला सुनवायची, "तू कोण मोठा टिकोजीराव?"

गिटार मात्र तिला वाजवता येत नव्हती. घरात एकही नव्हती. वाजवता येत नाही तर घ्यायची कशाला, असं म्हणण्यातच ती एकतीस वर्षं निघून गेली. कारखाना बंद पडला. आणि नवशिक्यांना परवडाव्यात म्हणून ज्या गिटारी तिथे तयार व्हायच्या, त्या पन्नास वर्षांनी एकदम दुर्मीळ ठरल्या. लिलावाच्या साइटवर त्यांची बोली लाख येनच्या पुढे जाऊ लागली. लाख आले, तसे लबाडही आले.

त्या सगळ्या लबाडांचे आजोबा एकच होते. "आजोबांच्या कोठारात सापडली. मला गिटारीतलं काही कळत नाही. तक्रार चालणार नाही, परत घेतली जाणार नाही." फोटो असे धूसर की काढणारा थंडीने कुडकुडत असावा, कारखान्याचं नाव तेवढं लख्ख.

"या देशातल्या आजोबांनी कोठारात इतक्या गिटारी दडवल्या," तोकिए विचारायची, "तर तेव्हा वाजवत कोण होतं?"

एकदा एक टॅक्सीवाला मान ओरिईच्या हातात देऊन फोन तिच्याकडे सरकवत म्हणाला, "तोकिएसान, ही बघा. चौऱ्याहत्तरची. एकदम ओरिजिनल."

"स्क्रू बघ."

"चकचकीत आहेत की."

"पन्नास वर्षं कोठारात पडून तारा गंजल्या, आणि स्क्रू काय रोज आंघोळ करत होते?"

"बदलले असतील हो."

"आणि रंग उडालाय तो खालच्या कोपऱ्यात. वाजवणाऱ्याचा हात येतो वरून. हा काय पायाने वाजवायचा?"

"पण विकणाऱ्याला तीनशे लोकांनी उत्तम म्हटलंय!"

"कशाबद्दल, ते उघड."

त्याने उघडलं. तीनशेच्या तीनशे लोकांनी त्या माणसाकडून दहा-दहा येनचे स्टिकर घेतले होते.

"तीनशे स्टिकर विकून त्याने तुझा विश्वास गोळा केला," तोकिए म्हणाली, "आता तो एका गिटारीत वसूल करणार. आणि ऐक, लिलावात तू हरलास आणि दुसऱ्या दिवशी पत्र आलं, की पहिल्याने माघार घेतली, तुमचा दुसरा नंबर, पैसे थेट माझ्या खात्यात भरा, तर फोन बंद करून झोपून जा."

टॅक्सीवाला केस कापून आणि तोंड पाडून गेला.

"तोकीताई," ओरिई म्हणाला. तो तिच्याहून चार वर्षांनी लहान, एकाच गल्लीतला; ती त्याला काझु म्हणायची. "एखाद्या वेळेस खरी आहे म्हणत जा गं. लोक इथून रडत जातात, मग पुढच्या वेळी केस बायकोकडून कापून घेतात."

"खरी आली की म्हणेन, काझु."

खरी आली ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, आणि ती तोकिएच्याच फोनवर. काळीभोर गिटार. फोटो स्पष्ट. तोकिए सवयीने स्क्रू बघत गेली. गंज होता, हवा तिथे, हवा तेवढा. मग दांडीच्या मागचा फोटो आला आणि तिने चष्मा पुसून पुन्हा घातला.

मेपलच्या फिकट लाकडात, दांडी जिथे अंगाला मिळते तिथे, माशाच्या काट्यासारखी एक बारीक तपकिरी रेघ होती.

ती रेघ तिला पाठ होती. कामाला लागली त्या वर्षी ते लाकूड मुकादम कोइकेने डाग म्हणून जळणाच्या ढिगात टाकलं होतं. तोकिएने जेवणाच्या सुट्टीत ते उचललं आणि आठ दिवस त्याच सुट्टीत, भाताचा डबा मांडीवर ठेवून, दांडी पुरी केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने केलेली तिची ती पहिली. कोइकेने ती उलटीपालटी केली, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "काळ्या गिटारीला लाव. काळ्यापुढे रेघ कोण बघतंय?" त्यानंतर हजारो दांड्या तिच्या हाताखालून गेल्या. आठवत होती ही एक.

फोटोखाली लिहिलं होतं: आजोबांच्या कोठारात सापडली. मला गिटारीतलं काही कळत नाही. फोटो याच रविवारी काढले आहेत.

तोकिएने ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की असतातही बाई काही आजोबा.

तिला ती गिटार हवी होती. कशाला, ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरी असावी आणि हात फिरवावासा वाटला तर फिरवता यावा, एवढंच. पण ते एवढंच तिला तहान लागल्यासारखं हवं होतं.

ओरिईला तिने काही सांगितलं नाही. तो जवळ आला की फोन पालथा घालायची.

"तोकीताई, कुणी भेटलाय का?" त्याने गुरुवारी विचारलं.

"गप केस काप."

"नाही, लोणच्यात मीठ दोनदा पडलंय म्हणून विचारलं."

रविवारी दुपारी चारला लिलाव संपला. तोकिए एक लाख ऐंशी हजारांपर्यंत गेली आणि थांबली. त्यापुढे गेली असती तर हिवाळ्यात घर गरम ठेवता आलं नसतं. कुणीतरी पाच हजारांनी वर जाऊन गिटार नेली. ती बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. सोबाच्या शेवया शिजत घातल्या होत्या, त्यांची खळ झाली.

सोमवारी सकाळी पत्र आलं. अतिशय नम्र. पहिल्या खरेदीदारांनी घरगुती कारणाने माघार घेतली आहे. आपला दुसरा नंबर होता. आजच दुपारी तीनपर्यंत पुढील खात्यावर रक्कम भरल्यास गिटार आपलीच.

तोकिएने ते तीनदा वाचलं. टॅक्सीवाल्याला काय सांगितलं होतं ते तिला शब्दन्शब्द आठवलं. पण तो वेगळा मामला होता. तिथे स्क्रू खोटे होते. इथे लाकूड खरं होतं. आणि लाकूड खरं असेल तर माणूस खोटा कसा असेल? तिने चांगला कोट घातला आणि पतपेढीत गेली.

काउंटरवर निशिमाकी नावाची मुलगी होती. फॉर्म बघून तिने आधी हसू आणलं आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"आजी, एवढी रक्कम कशासाठी पाठवताय, विचारलं तर चालेल ना?"

"छपराचं काम आहे," तोकिए म्हणाली. हे खोटं तोंडातून कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही.

"अच्छा. आणि हे खातं फुकुओकाचं आहे."

"हो."

"मात्सुमोतोतलं छप्पर करायला फुकुओकाहून येतात?"

"कारागीर चांगले आहेत."

"आजी," निशिमाकीचा आवाज आणखी मऊ झाला, "तुम्हाला कुणाचा फोन आला होता का? मुलगा बोलतोय, सर्दीने आवाज बसलाय, असं काही?"

"मला मुलगा नाही."

"मग भाचा?"

तोकिएने फॉर्मवर हात आपटला. "अगं बाई, मी कोण आहे माहीत आहे का? या गावात फसवणूक ओळखणारी मी आहे. लोक माझ्याकडे येतात!"

"हो आजी," निशिमाकीने फॉर्मवर काहीतरी टिपलं. "असं सांगणाऱ्यांसाठी आमच्याकडे वेगळा रकानाच आहे. तुमच्या ओळखीचं कुणी येईल का? नाहीतर नियमाने मला पोलिसांना बोलवावं लागेल."

पोलीस की ओरिई, यावर तोकिएने वाजवीपेक्षा जास्त वेळ विचार केला. मग दुकानाचा नंबर दिला.

ओरिई पाचव्या मिनिटाला आला, पांढऱ्या डगल्यात, खिशात कंगवा. त्याच्यामागून गळ्यात टॉवेल अडकवलेला दारूच्या दुकानाचा मालक आओयागी आला. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

"तू कशाला आलास?" तोकिएने विचारलं.

"आता एका गालाने मी तिथे बसून काय करणार?" आओयागी म्हणाला.

"तोकीताई, छप्पर गळतंय हे कधी बोलली नाहीस," ओरिई म्हणाला.

तोकिएने मुकाट्याने फोन पुढे केला. ओरिईने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"पण हे तर तू त्या टॅक्सीवाल्याला..."

"ते वेगळं. ही दांडी माझी आहे, काझु." आणि तिने त्याला रेघ दाखवली, कोइके सांगितला, जळणाचा ढीग सांगितला. निशिमाकीचंही लिहायचं थांबलं.

"तुझीच आहे," ओरिई शेवटी म्हणाला. "तू म्हणतेस म्हणजे आहेच." तो पुढचे फोटो बघू लागला. समोरून काढलेल्या फोटोत काळा रंग आरशासारखा चमकत होता. ओरिई थबकला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. गिटार फोनच्या बाहेर गेली तरी तो करतच राहिला.

"हे केस माझे आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"मी कापलेले. हे बघ, गिटारीत फोटो काढणारा दिसतोय. ही उभी बट दिसते? दोन भोवऱ्यांचं डोकं. पंचवीस वर्षं मी हिच्याशी झगडलो. ओली करून बसवायचो, हा दार ओलांडेपर्यंत ही पुन्हा उभी. आणि मी तिला आरशातच बघत आलोय. अशीच, उलटी." तो सावकाश मागे वळला. "आओयागी, हा तू आहेस."

आओयागीने फोन डोळ्यांजवळ नेला. त्याला फेस लागला.

"अरे! मीच की! केस असतानाचा!" त्याने फोन निशिमाकीपुढे धरला. "बघा, बघा, किती दाट होते. कुणाला सांगून पटत नाही."

"केस जाऊन किती वर्षं झाली?" ओरिईने विचारलं.

"सहा. बायको सात म्हणते."

"आणि इथे लिहिलंय, फोटो याच रविवारचे."

निशिमाकीने तोकिएचा फॉर्म हळूच स्वतःकडे ओढला आणि त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या.

लाकूड खरं होतं. फोटोही खरे होते. फक्त ते जुन्या विक्रीतून उचललेले होते, आणि ज्याने उचलले त्याच्याकडे ना गिटार होती ना आजोबा. हे तोकिएला एका क्षणात समजलं, आणि पैसे वाचले याचा आनंद तिला होईचना. ती आओयागीकडे बघत होती.

"तुझ्याकडे होती?"

"कॉलेजात घेतली होती. बारा गाणी शिकलो. मग लग्न झालं, माळ्यावर गेली."

"कुठल्या माळ्यावर?"

"दुकानाच्या. मला दुसरा माळा कुठे आहे?"

चाळीस वर्षं तोकिए त्या दुकानातून सोयाबीनचा सॉस नेत होती. आओयागीची आई हिशोबाला वेळ लावायची म्हणून ती त्या माळ्याखाली ताटकळत उभी राहायची, आणि छताकडे बघत सुस्कारे टाकायची.

"विकताना मला दाखवायची होतीस."

आओयागीने टॉवेलने गाल पुसला. "दोनदा घेऊन निघालो होतो, तोकिएसान. पण ओरिईकडे सगळे बसलेले असतात. तुम्ही चारचौघांत खोटी म्हणाला असता. माझी आपली एकच गिटार. मग दिली तेवीस हजाराला."

तोकिएने फोन पिशवीत टाकला आणि कोटाची बटणं लावली. ओरिईने, चांगला माणूस म्हणून, खिडकीबाहेर बघितलं.

आओयागी कुठलाही कागद टाकत नसे. संध्याकाळपर्यंत पार्सलची पावती सापडली. गाव ताकाओका, डॉक्टर मिझुहाशी, दंतवैद्य. तोकिएने चांगल्या कागदावर, हवापाण्याच्या चौकशीपासून सुरुवात करून, पत्र लिहिलं. आपल्याकडच्या काळ्या गिटारीची दांडी मी बाविसाव्या वर्षी घासली आहे. आता बहात्तर वर्षांची आहे. आपण ती विकाल का? निदान एकदा हातात द्याल का? खाली पत्ता ओरिईच्या दुकानाचा घातला, कारण दिवसा ती तिथेच सापडायची.

पाच दिवसांनी छापील उत्तर आलं. ओरिईने ते मोठ्याने वाचलं.

"आपलं पत्र मिळालं. कोठारातल्या आजोबांबद्दल मी ऐकून होते. आता कारखान्यातल्या आजीही निघाल्या आहेत, असं दिसतं. कृपया पुन्हा संपर्क करू नये. मिझुहाशी."

ओरिईने आधी वस्तरा खाली ठेवला, मग हसायला सुरुवात केली. दोन्ही खुर्च्यांतली गिऱ्हाइकं हसली. "तोकीताई, तुला खोटी ठरवली! फोटो न बघता!"

तोकिएने पत्र त्याच्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं, नीट घडी घातली.

"बाई हुशार आहे," ती म्हणाली. "मीसुद्धा हेच लिहिलं असतं." आणि जरा थांबून, "याहून वाईट लिहिलं असतं."

दुसरं पत्र लिहायला तिला तीन दिवस लागले. कारण फोटोत न दिसणारं असं त्या दांडीबद्दल तिला एकच ठाऊक होतं, आणि ते तिने पन्नास वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"पहिल्या वर्षी मला अंगठ्याचा जोर आवरत नसे," तिने लिहिलं. "दांडीच्या मागे, सातव्या आणि आठव्या पट्टीच्या मध्ये, जाड तारेच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी जागा सपाट राहिली आहे. डोळ्यांना दिसणार नाही. मुकादमांच्याही हाताला लागली नाही. लागली असती तर दांडी पुन्हा जळणात गेली असती. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. डोळे मिटून अंगठा फिरवून बघावा. तिथे काही नसेल तर मी खोटी, आणि पुन्हा लिहिणार नाही."

दहा दिवस काही आलं नाही. नोव्हेंबर लागला. घरोघरी वळचणीला सोललेली पर्सिमन फळं वाळत टांगली गेली. तोकिए येत राहिली, पण कुणी फोन पुढे केला तर म्हणायची, "आज चष्मा नाही." चष्मा नाकावर असायचा.

अकराव्या दिवशी, रविवारी, पन्नाशीची एक बाई दुकानाचं दार सरकवून आत आली. पाठीवर गिटारीची पिशवी.

"फुरिहातासान कोण?"

सगळ्यांनी तोकिएकडे बोट दाखवलं, फेस लावलेल्या आओयागीनेसुद्धा.

बाईंनी पिशवी उतरवली. "मी मिझुहाशी. आधीच सांगते, विकणार नाही."

तोकिएने मान हलवली. अकरा दिवसांत तिची एवढी तयारी झालेली होती.

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालून न दिसणारं शोधते," बाई म्हणाल्या. "ती जागा सहा वर्षं माझ्या अंगठ्याखाली आहे. मला वाटायचं, वाजवून वाजवून मीच ती झिजवली. मला त्याचा जरा अभिमानही होता." त्या थोड्या लाजल्या. "तुम्हाला तसं लिहायला नको होतं."

"नाही, नाही. बरोबर लिहिलंत. तसंच लिहीत जा."

बाईंनी गिटार पुढे केली. तोकिएने घरून घालून आलेल्या एप्रनला दोन्ही हात पुसले, एकदा, दोनदा, मग घेतली. तळवा दांडीवरून वर गेला, खाली आला. दुकानात कात्रीचा आवाज नव्हता. तिचा अंगठा सातव्या पट्टीमागे गेला आणि थांबला. ओरिईला वाटलं, आता ही रडणार, आणि त्याने एक स्वच्छ टॉवेल काढून ठेवला.

तोकिए म्हणाली, "अजून एक हात फिरवायला हवा होता."

आणि तिने स्वतःच्या पिशवीतून पॉलिश पेपरचा तुकडा काढला.

"बाराशे नंबरचा आहे. पाच मिनिटांचं काम. घासून वरून पुन्हा पॉलिश दिलं, की कळणारही नाही."

"अजिबात नाही!" मिझुहाशीबाईंनी दांडीवर हात आडवा ठेवला. "अहो, वाजवताना मी कुठे आहे ते मला तिथेच कळतं. बोटं चुकली तरी अंगठा तिथे जाऊन थांबतो. ती जागा गेली तर मी रस्ता विसरेन."

"पण ती चूक आहे."

"असू दे की."

तोकिएने कागदाच्या तुकड्याकडे बघितलं. घडी करून परत पिशवीत टाकला. एकतीस वर्षांत तिला एखादी दांडी अर्धवट सोडायला कुणी सांगितलं नव्हतं.

"वाजवून दाखवता?" आओयागी टॉवेलआडून म्हणाला. "मला बाराच यायची."

बाई रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि काहीतरी संथ वाजवू लागल्या. आओयागी आरशातून बघू लागला. सगळे बघत होते गिटारीच्या काळ्या तोंडाकडे, तारांकडे, बाईंच्या उजव्या हाताकडे.

तोकिए उठली, चहाचे कप ओलांडून पलीकडे गेली, आणि बाईंच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली. अंगठा तिथून दिसत होता.